इंक आणि पा बघताना मला ती आवडू लागली

प्रिय ताई,

मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर सातारा जिल्ह्यात. थोडी शेती आहे आणि बाबा सोसायटीत नोकरीला आहेत. हॉस्टेलवर माझी रूममेट कॉम्प्युटरची, नांदेडकडची. गेल्या वर्षी आम्ही दोघींनी 'बॅड बडी' ही थाई मालिका बघितली. मुख्य गोष्ट पॅट आणि प्रान या दोन मुलांची, पण आमचा जीव अडकला तो इंक आणि पा या दोन मुलींमध्ये. त्या येतात थोडा वेळच, म्हणून तेवढा भाग आम्ही पुन्हा पुन्हा लावायचो. मग 'गॅप' बघितली, मग '23.5', दोन्ही थाईच, मुलींच्या प्रेमाच्या. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या.

ती कशी आहे सांगते. तिला आमटीतला कढीपत्ता चालत नाही, तो वेचून माझ्या ताटाच्या कडेला ठेवते. आईशी फोनवर बोलायला गच्चीच्या जिन्यात जाते, कारण वडिलांच्या कर्जाचं बोलणं कुणाच्या कानावर जाऊ नये. मला टायफॉइड झाला तेव्हा इंटर्नल देऊन तशीच रिक्षाने मावशीकडे गेली आणि माझ्यासाठी डब्यात मऊ भात घेऊन आली. रागावली की बोलत नाही, केस विंचरत बसते. सुट्टीत ती गावी गेली की मला खोलीत झोप लागत नाही.

एकदा मालिका बघताना ती हसत म्हणाली, "आपण पण अशाच की गं, इंक-पा." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. चुलतबहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "सगळं त्या सिरियलींमुळे झालंय. बघणं बंद कर, जाईल." बंद करून बघितलं. गेलं नाही.

मला ती आवडते की मालिका आवडते? तिला सांगू का? वर्कशॉपमध्ये मी एक लहान पितळी गिअर बनवलाय. थाई मालिकांत इंजिनिअरिंगची मुलं ज्याला आपला गिअर देतात त्याला आपलं मन दिलं असं मानतात. तो तिला द्यावासा वाटतो. नाहीतर बेनामी इन्स्टा अकाउंट काढून आधी तिचं मन चाचपून बघावं असंही वाटतं. थायलंडमध्ये हे सगळं सहज चालतं, तिथे लग्नसुद्धा होतं. आपल्याकडे मराठीत अशी गोष्टही कुणी लिहिलेली नाही. मला खूप भीती वाटते.

— नाव छापू नका


प्रिय मुली,

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. जागेसाठी मी ते इथे कापून छापलंय, पण मूळ पत्रात मालिकांवर जेमतेम अर्धं पान आहे आणि बाकी सगळी पानं तिच्यावर. कढीपत्ता, गच्चीचा जिना, मऊ भाताचा डबा, रागावल्यावर हातात घेतलेला कंगवा. यातलं काहीच इंक करत नाही आणि पाही करत नाही. मालिकेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला प्रसंग हवे असतात: पावसात भिजणं, खांद्यावर डोकं, शेवटच्या क्षणी स्टेशनवर धावत येणं. तू तिच्या वडिलांच्या कर्जाची काळजी करतेस. तो जिना तुझ्या लक्षात राहिलाय. तुला ती आवडते. यात मला शंका नाही, आणि मला वाटतं तुलाही नव्हती, फक्त कुणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं.

मग मालिकेने काय केलं? तुझं पत्र आल्यावर मी 'बॅड बडी' बघितली आणि तुमचा जीव इंक-पामध्ये का अडकला ते मला समजलं. पॅट आणि प्रान यांच्या वाट्याला दोन शेजारी घरांचं जुनं वैर आहे, इंजिनिअरिंग विरुद्ध आर्किटेक्चर अशी कॉलेजातली मारामारी आहे, चोरून भेटणं आहे. पॅटची बहीण पा आणि तिची इंक यांच्यामागे असलं काहीच लागलेलं नाही. त्या एकमेकींना बघतात, जवळ येतात, आणि मालिका त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. कुणी त्यांना 'हे काय चाललंय' म्हणून विचारत नाही. तुझ्यासारख्या मुलीला याचीच तहान असते. दोन मुली कॅन्टीनमध्ये बसल्यात, एकमेकींना आवडतात, आणि जग चालू आहे. हे तू आयुष्यात पहिल्यांदा बघितलंस, म्हणून ते इतकं आत गेलं. भावना तुझ्यात होतीच, तिला बसायला जागा नव्हती. ती जागा मालिकेने दिली.

तुझ्या चुलतबहिणीवर रागावू नकोस. तिने घाबरून सल्ला दिला. पण तो चुकीचा होता आणि तू तो करूनही बघितलास. आता परत परत स्वतःची परीक्षा घेऊ नकोस.

मराठीत अशी गोष्ट कुणी लिहिली नाही, हे मात्र खरं नाही. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आलं. त्यात कॉलेजातली सुमित्रा, म्हणजेच 'मित्रा', आहे, तिचं नमा नावाच्या मुलीवर प्रेम आहे, आणि ही सगळी गोष्ट आपल्याला सांगतो तो सुमित्राचा मित्र बापू. रोहिणी हट्टंगडींनी सुमित्राचं काम केलं होतं. ज्या काळात या विषयाला घरात शब्दही नव्हता त्या काळात ते मराठी प्रेक्षकांसमोर झालं. तेव्हा ना थाई मालिका होत्या ना यूट्यूब, आणि तरीही कॉलेजातल्या मुलीला मुलगी आवडत होती. तुझ्या बहिणीला हे सांगता येईल.

पण ते नाटक तू आत्ता वाचू नकोस असं मी म्हणेन. मित्रा शेवटी जीव देते. एकाकी पडलेल्या मुलीला समाजात जागा नव्हती, हे दाखवणं तेव्हा मोठंच धाडस होतं. पण तू रात्री अडीचला हॉस्टेलच्या खाटेवर जागी असताना तुला मरणाऱ्या नायिकेची सोबत नको आहे. इंक आणि पा शेवटच्या भागातही हसत असतात, सोबत असतात. तू त्यांना पुन्हा पुन्हा लावतेस यात काही गैर नाही. सावकाश, पुढे कधीतरी, मन स्थिर असेल तेव्हा मित्राकडे वळ. एक गोष्ट मात्र त्या नाटकातून आत्ताच घे: मित्राला निदान ऐकून घेणारा बापू होता. तुलाही असं एक माणूस लागेल, आणि ते तुझी रूममेट असून चालणार नाही. कारण तिच्याबद्दलच तर तुला बोलायचंय. शाळेतली मैत्रीण असेल, एखादी तरुण शिक्षिका असेल. बहीणही हळूहळू तशी होऊ शकेल. तिने तुझं गुपित फोडलेलं नाही, ही लहान गोष्ट नाही.

आता थायलंडबद्दल. तिथे 'सहज चालतं' असं तू लिहिलंस. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं तुला माहीत असलेलं बरं, म्हणजे तू स्वतःच्या आयुष्याची तुलना एका सजवलेल्या आयुष्याशी करणार नाहीस.

'गॅप'च्या शेवटी त्यातल्या दोन नायिकांचं, सॅम आणि मॉनचं, लग्न होतं. तो भाग आला 2023च्या सुरुवातीला. त्या वेळी थायलंडमध्ये दोन मुलींना लग्नाची नोंदणी करताच येत नव्हती. मालिकेने कायद्याच्या आधी लग्न लावून टाकलं होतं. विवाह समानतेचा कायदा तिथल्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला तो 2024मध्ये, आणि तो लागू झाला 23 जानेवारी 2025ला. आग्नेय आशियातला तो पहिला देश, आशियात तैवान आणि नेपाळनंतरचा. पहिल्याच दिवशी देशभरात 1,800हून अधिक जोडप्यांनी नोंदणी केली. त्यात कितीतरी जोडपी वर्षानुवर्षं एकत्र राहत होती आणि थांबलेली होती. साधा भागीदारी नोंदवण्याचा कायदा तरी करा, ही मागणी त्याच्या दहा-बारा वर्षं आधीपासून चालू होती. म्हणजे तिथेही कुणाला आयतं मिळालेलं नाही. 'गॅप'मधलीच सॅमची आजी आठव. घराण्याचं नाव, ठरवलेला नवरा, नातीने कसं वागायचं याचे नियम. ती आजी तुला सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या वाड्यातली वाटली नाही का?

आणि कॉलेज. थाई मालिकांतलं विद्यापीठ फार देखणं असतं. पांढरा शर्ट, काळा स्कर्ट, छातीवर विद्यापीठाचं चिन्ह, गळ्यात नावाची पाटी अडकवलेली पहिल्या वर्षाची मुलं, ओरडणारे सीनियर. हा गणवेश आणि नवागतांच्या स्वागताचे ते विधी तिथे खरोखरच आहेत. पण त्या स्वागताच्या नावाखाली चालणाऱ्या छळावर थायलंडमध्येच वर्षानुवर्षं टीका होत आली आहे, आणि मालिकेत मात्र तोच छळ गोड भांडण होऊन येतो, ओरडणारा सीनियर शेवटी प्रेमात पडतो. मालिकेतल्या मुलामुलींना स्वतंत्र खोल्या असतात, भाड्याची चिंता नसते. मध्येच कुणीतरी गालाला क्रीम लावतं किंवा खाऊचं पाकीट उघडतं आणि त्यावरचं नाव बरोबर कॅमेऱ्याकडे असतं, कारण मालिकेचा खर्च त्यातून निघतो. आणि पडद्यावरची जोडी पडद्याबाहेरही जोडी म्हणून फिरवली जाते. मिल्क आणि लव्ह या दोघी अभिनेत्री आधी इंक आणि पा झाल्या, लोकांना आवडल्या, म्हणून 2024मध्ये '23.5'च्या नायिका झाल्या. त्या दोघी उत्तम काम करतात आणि एका बाजूच्या जोडीने मुख्य जागा मिळवली याचा मला मनापासून आनंद आहे. पण चाहत्यांच्या मेळाव्यात त्या एकमेकींकडे कशा बघतात यावरून तुझी रूममेट तुझ्याकडे कशी बघते हे ठरवू नकोस. तिकडचं बघणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

'23.5'चा विषय निघालाच आहे तर बेनामी अकाउंटचं बोलून टाकू. तू ती मालिका बघितलीस आणि तरी हे डोक्यात आलं? त्यातली ओंगसा ऑनलाइन 'अर्थ' (इंग्रजीतली पृथ्वी) या नावाच्या आड लपून सन या मुलीशी बोलते. सनला वाटतं पलीकडे मुलगा आहे, ती त्या न दिसणाऱ्या माणसात गुंतते, आणि ओंगसा रोज तिच्यासमोर बसून गप्प राहते. पुढे जे दुखतं ते ओंगसा मुलगी आहे म्हणून कमी आणि ती खोटं बोलली म्हणून जास्त. तुझ्या बाबतीत तर हे आणखी वाईट होईल. तुम्ही एका खोलीत राहता. ती खाटेवर बसून त्या अकाउंटला उत्तर लिहिते आहे आणि शेजारच्या खाटेवर तुझा फोन वाजतो आहे, असं डोळ्यांसमोर आण. ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवशी तिला आठवेल की आपण आपलं मन उघडं करत होतो आणि ही बघत होती. तो विचार आजच सोडून दे.

गिअरचं वेगळं आहे. तू तो स्वतः लेथवर बसून केलास, दाते घासलेस, हे वाचून मला फार बरं वाटलं. थायलंडमधल्या इंजिनिअरिंगच्या विद्याशाखांत नव्या मुलांना सीनियर गिअर देतात, तू आता आपल्यातली झालीस असं म्हणत. मालिकांनी त्याचं 'मन दिलं' करून टाकलं, आणि ती कल्पना सुंदरच आहे. पण नुसता गिअर हातावर ठेवून गप्प बसलीस तर काय होईल? तिने त्या सगळ्या मालिका तुझ्यासोबत बघितल्या आहेत. अर्थ तिला कळेल, आणि न कळल्याचं दाखवायची सोयही तिच्याकडे राहील. "अय्या, कीचेन!" एवढं म्हणून ती तो बॅगेला लावेल. मग तू महिनोन्‌महिने त्या बॅगेकडे बघत अर्थ लावत बसशील. तो दिला असं होणार नाही आणि न दिला असंही होणार नाही. म्हणून आधी शब्द. गिअर नंतर, तिने हवा म्हटलं तर.

तर, सांगू का?

हो, सांग. पण आज नको, आणि मालिकेसारखं तर अजिबात नको.

ती म्हणाली, "आपण पण अशाच की गं." हे वाक्य तू इतक्या वेळा मनात फिरवलं आहेस की आता त्याला शपथेचं वजन आलंय. ते वाक्य तिने हसत टाकलं होतं. त्यात काही असेल किंवा नसेल. कदाचित तीही तुझ्यासारखीच चाचपत असेल, कदाचित दोन जिवलग मैत्रिणी अशा अर्थाने म्हणाली असेल. तिला त्या वाक्याला बांधू नकोस. "तूच तर म्हणाली होतीस" हे शब्द तुझ्या तोंडून कधीच यायला नकोत.

थाई मालिकांत, आणि आपल्या सिनेमांतही, न विचारता केलेलं चुंबन ही प्रेमाची कबुली असते. दारू प्यायलेली, झोपेत असलेली, भिंतीला टेकवलेली मुलगी. त्यातलं काही म्हणजे काही करू नकोस. ती झोपलेली असताना केसांवरून हात फिरवणंसुद्धा नको. तुमच्या खाटा शेजारी आहेत, तुमची मैत्री आहे, ती तुझ्यासमोर निर्धास्त कपडे बदलते, निर्धास्त झोपते. तिचा तो निर्धास्तपणा जपणं ही आता तुझी जबाबदारी आहे. तिला अजून माहीत नसताना तर जास्तच.

वेळ कोणती ते बघ. सबमिशन, ओरल्स, परीक्षा यांच्या मध्ये नको. तिच्या घरून पैशांचा काही ताणाचा फोन आला असेल त्या आठवड्यात नको. परीक्षा संपली आहे आणि दोघींना गावी जायला एक-दोन दिवस आहेत, अशी वेळ मला बरी वाटते. बोलणं झाल्यावर दोघी काही दिवस आपापल्या घरी असाल, तिला विचार करायला मोकळी जागा मिळेल, आणि समोरासमोर अवघडून बसावं लागणार नाही. जागाही खोली नको. खोलीत ती उठून जाऊ शकत नाही, कारण ती तिचीही खोली आहे. बाहेर, उजेडात, चालता चालता बोल. पुण्यात चालायला टेकड्या आहेत. संध्याकाळी वेताळ टेकडीवर माणसं असतात, आणि तरीही दोघींना आपलं बोलता येतं. जिथून ती हवं तेव्हा "चल, परत जाऊ" म्हणू शकेल अशी जागा निवड.

काय बोलायचं ते शब्द तुझेच असू देत, पण अडलीस तर साधारण असं: "मला तुला एक सांगायचंय आणि सांगताना मला भीती वाटतेय. मला तू आवडतेस, मैत्रिणीसारखी तर आहेसच, पण त्याहून जास्त. तुला आत्ता काही बोलायची गरज नाही. तुझं उत्तर नाही असलं तर ते मला चालेल, आणि मी तुला पुन्हा विचारून त्रास देणार नाही. मला फक्त तुझ्याशी खोटं वागायचं नव्हतं." बस एवढंच. इंक-पाचं नाव काढू नकोस, मालिकेची आठवण देऊ नकोस. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची आहेत आणि ती खरी असायला हवीत. "नाही" चालणार नसेल तर अजून सांगायची वेळ आलेली नाही, असं समज.

ती नाही म्हणाली तर दुखेल. खूप दुखेल, आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये ती समोर बसेल. तेव्हा तिने कढीपत्ता तुझ्या ताटात टाकला नाही तर लगेच मैत्री संपली असं मानू नकोस. तिलाही कसं वागावं ते कळत नसेल. थोडे दिवस जाऊ देत. ती घाबरून गप्प झाली तर तिच्या मागे लागू नकोस, मेसेजवर मेसेज करू नकोस, तिच्या मैत्रिणींकरवी विचारू नकोस. आणि ती गप्प राहून ही गोष्ट इतरांना सांगेल अशी थोडी जरी शंका येत असेल, तर सांगण्याआधी पुन्हा विचार कर. तुझ्या पत्रावरून मला ती तशी वाटत नाही. पण तिला तू ओळखतेस, मी ओळखत नाही.

घरी काय सांगायचं हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण पत्रभर तो मागे उभा आहे. आत्ता काहीच सांगू नकोस. यात लबाडी नाही. तुझी फी, हॉस्टेल, महिन्याचा खर्च सगळं घरून येतं. डिग्री आणि पहिली नोकरी हातात येईपर्यंत तुझ्या पायाखालची जमीन तुझी नाही. 'बॅड बडी'त मला सगळ्यात शहाणं वाटलं ते हे की शेवटीसुद्धा पॅट आणि प्रान घरच्यांसमोर जाऊन सगळं जाहीर करत नाहीत. चार वर्षं उलटल्यावरही ते आपलं प्रेम आईबापांपासून राखून जगतात, आणि ते आनंदात असतात. त्यांच्या घरांचं कारण वेगळं, पण शहाणपण तुझ्याही उपयोगाचं आहे. स्थळं यायला लागली तर नोकरीचं, पुढच्या शिक्षणाचं कारण पुढे कर. ते कारण खरंही आहे. तोवर फोनला लॉक ठेव, यूट्यूबचं खातं घरच्या टीव्हीशी जोडलेलं असेल तर तोड. भाऊ सहज टीव्ही लावतो आणि तू काय बघत होतीस त्याची सगळी यादी समोर येते, असं व्हायला नको. चाहत्यांच्या ग्रुपमध्ये तिचे फोटो टाकू नकोस, लाडाने सुद्धा.

कायद्याची थोडी माहिती तुझ्याजवळ असू दे, भीती कमी होते. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाला मान्यता द्यायला मात्र त्याच न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023ला नकार दिला. ते दार सध्या बंद आहे. पण सज्ञान मुलीने कुणाबरोबर राहायचं हे ती ठरवू शकते. मद्रास उच्च न्यायालयाचं 2021चं एक प्रकरण मला इथे सांगायलाच हवं. मदुराईच्या दोन तरुण मुली घर सोडून चेन्नईला आल्या होत्या, घरच्यांनी त्या हरवल्याच्या तक्रारी केल्या, पोलीस मागे लागले. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी निकाल देण्याआधी उघडपणे सांगितलं की हा विषय मला पुरेसा समजत नाही, आणि ते स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेतलं, मग आदेश दिला. पोलिसांनी अशा मुलींना त्रास देऊ नये, आणि 'बरं करण्याच्या' नावाखाली उपचार होऊ नयेत, असं त्यात आहे. 2022मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशा उपचारांना डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा उद्या कुणी तुला एखाद्या डॉक्टरकडे 'हे घालवा' म्हणून नेलं, तर तो डॉक्टरच चुकतो आहे हे लक्षात ठेव. आणि 2025च्या मे महिन्यात मद्रास उच्च न्यायालयानेच 25 वर्षांच्या एका तरुणीला घरच्यांच्या ताब्यातून सोडवून तिच्या जोडीदार मैत्रिणीबरोबर जाऊ दिलं. कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही, असंही म्हटलं.

रात्री फार जड झालं, जीव नकोसा वाटला, तर 14416 हा टेलिमानसचा नंबर लाव. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुंबईत 'लेबिया' हा गट 1995पासून मुलींवर प्रेम करणाऱ्या मुलींसाठी काम करतो. त्यांच्याशी बोललीस तर तुझ्या लक्षात येईल की तुझ्याआधी किती जणी याच जिन्यावरून चढून गेल्या आहेत आणि आता पन्नाशी-साठीत आपापल्या घरात नीट राहत आहेत.

एक व्यवहाराचं काम सांगण्याआधी करून ठेव. पुढच्या सत्रात खोली बदलायचा अर्ज तुमच्या हॉस्टेलला कधी घेतात आणि रेक्टर त्याला काय कारण मागतात, ते विचारून घे. ती नाही म्हणाली आणि एका खोलीत राहणं तुम्हा दोघींपैकी कुणालाही जड झालं, तर अर्ज तू कर, तिला करायला लावू नकोस. अभ्यासाच्या वेळा जुळत नाहीत एवढं कारण पुरतं. आणि ती हो म्हणाली तर पुढचे प्रश्न अगदी वेगळे आहेत: हॉस्टेलमधल्या इतर मुलींसमोर कसं वागायचं, भांडण झालं तर एकाच खोलीत काय करायचं, प्लेसमेंट वेगवेगळ्या शहरांत लागली तर काय. त्याचं पत्र वेगळं लिही. छापायचं नसेल तर वरच तसं लिहून ठेव, मी ते छापणार नाही, उत्तर थेट तुला पाठवेन.

— तुझी ताई